इटली: लक्षात राहतील अशा खानावळी आणि पायी फिरायच्या वाटा सुचवा (सोबत साबा-साबू, म्हणजे सासूबाई-सासरे आहेत)

ओवी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी इटलीला जायचं नक्की झालंय. रोमला उतरायचं आणि मिलानहून परत. मी, नवरा, सहावीतली लेक आणि साबा-साबू. कलोसियम, व्हॅटिकन, पिसाचा मनोरा यांची माहिती कुठेही मिळते, म्हणून ती विचारत नाहीये. मला हवी आहेत तिथल्या लोकांची जेवायची ठिकाणं आणि सकाळी पायी फिरायच्या वाटा, जिथे तासभर चाललं की त्या गावाची थोडी तरी ओळख होईल.

अडचणी आधीच सांगते. साबा पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. साबू सगळं खातात, पण गुडघे कुरकुरतात. लेकीला पिझ्झा मिळाला की बाकी काही लागत नाही. आम्ही दोघं मासे-मटण खाणारे. या सगळ्यांना एका टेबलावर बसवता येईल का? स्वानुभव असेल तर जरूर लिहा.

पुरणपोळी

ज्येष्ठ बरोबर असताना मी तरी प्रयोग करणार नाही. आमच्या ग्रुप टूरमध्ये महाराज सोबत होते, रोज रात्री वरण-भात-भाजी. सासूबाई खूश, आम्हीही निर्धास्त. तुम्ही स्वतंत्र जाताय तर निदान प्रत्येक शहरातलं एक भारतीय रेस्टॉरंट हेरून ठेवा. दिवसभर चालून आल्यावर कोणाला काय चालतं हे विचारत बसायचं त्राण राहत नाही.

दगडफूल

ओवी, मी बरीच वर्षं बोलोन्यात राहतोय, मूळचा ठाण्याचा. आई-बाबा येतात तेव्हा नेमकी हीच कसरत असते, त्यामुळे सविस्तर लिहितो.

माझा पहिला सल्ला असा की रेस्टॉरंटं शोधू नका, आधी वाट ठरवा. चालायची वाट प्रसिद्ध जागेपाशी सुरू झाली तरी चालेल, पण ती लोक राहतात अशा वस्तीत संपायला हवी, आणि संपताना दुपारचा एक वाजलेला असावा. जेवण तिथेच. प्रसिद्ध चौकातल्या खानावळीला ठाऊक असतं की हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. वस्तीतली ट्रातोरिया, म्हणजे छोटी घरगुती खानावळ, त्याच त्या माणसांवर चालते. मंगळवारी वाईट जेवण वाढलं तर बुधवारी टेबल रिकामं राहतं. नुसतं रेटिंग पाहून शहराच्या दुसऱ्या टोकाला टॅक्सीने जाण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

रोमसाठी माझी आवडती वाट सांगतो. चिर्को मास्सिमो मेट्रो स्टेशनला उतरा. समोर आव्हेंतिनो टेकडी. चढ सौम्य आहे आणि डांबरी रस्त्याने जाता येतं, साबूंना जड जाऊ नये. वर संत्र्यांची बाग आहे, तिच्या कठड्यावरून तिबेर नदीपलीकडचं रोम दिसतं. लागूनच पाचव्या शतकातलं सांता साबिना चर्च. त्याचे लाकडी दरवाजे जवळपास तितकेच जुने आहेत आणि त्यांवर ख्रिस्ताच्या क्रुसारोहणाच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांपैकी एक कोरलेलं आहे. पुढे माल्टाच्या सरदारांच्या वाड्याचं मोठं हिरवं दार लागेल. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावा: दोन्ही बाजूंनी छाटलेल्या झाडांचा बोगदा आणि त्याच्या टोकाला नेमका मधोमध सेंट पीटरचा घुमट. तुमच्या लेकीला हे फार आवडेल. रांग असते, पण सकाळी लवकर गेलात तर छोटी.

तिथून पलीकडे उतरलं की तेस्ताचो. इथे रोमचा कत्तलखाना होता, १९७५ मध्ये बंद झाला. कामगारांना मजुरीचा भाग म्हणून आतडी, शेपटी, काळीज असं मिळायचं, त्यातूनच रोमची अस्सल खाद्यपरंपरा घडली. तुम्हा दोघांना शेपटीचा रस्सा, म्हणजे कोदा आल्ला व्हाच्चिनारा, खायचा असेल तर इथेच खा. पण आधी माहीत असू द्या की ते गोमांस असतं. या भागात मोन्ते तेस्ताचो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि ती अख्खी रोमन काळातल्या ऑलिव्ह तेलाच्या फुटक्या रांजणांची आहे! टेकडीच्या पोटात खोदलेल्या खानावळी आहेत. 'फ्लाव्हियो अल व्हेलाव्हेव्होडेत्तो'मध्ये काचेच्या भिंतीतून खापरांचे थर दिसतात. जवळच 'फेलीचे', १९३६ पासूनचं. तिथे काचो ए पेपे टेबलाशी आणून तुमच्यासमोर कालवतात: गरम पास्ता, किसलेलं पेकोरीनो चीज, मिरीची भरड. वाढपी काटा-चमच्याने भराभर घोळत राहतो आणि बघता बघता चीज विरघळून दाट रस तयार होतो. कांदा नाही, लसूण नाही. साबांसाठी हाच पदार्थ.

फक्त एक लक्षात ठेवा. काचो ए पेपे बहुतेक ठिकाणी तोन्नारेल्ली या ताज्या पास्त्याचं करतात आणि त्यात सहसा अंडं असतं. साबांसाठी स्पागेत्ती किंवा रिगातोनी घालून द्यायला सांगा, म्हणजे कोरडा पास्ता. त्यात रवा आणि पाणी, एवढंच.

कोकणकन्या

वा दगडफूल, काय सुंदर लिहिलंय! मीही तेस्ताचोत गेले आहे. तिथला बाजार अजिबात चुकवू नका. रविवारी बंद असतो आणि दुपारनंतर आवरतात, म्हणून सकाळीच जा. सप्टेंबरात अंजिरं आलेली असतात. पिझ्झा ब्यांका, म्हणजे वर काहीही न घातलेला, तेल-मीठ लावलेला पिझ्झ्याचा पाव, वजनावर कापून घ्यायचा, मधोमध चिरायचा आणि पिकलेली अंजिरं बोटांनी दाबून आत भरायची. रोमच्या लोकांचं हे जुनं खाणं आहे. ते त्यात पोर्कचे कापही घालतात, आपण नुसतं खायचं. कडेला मिठाचे खडे दाताखाली येतात आणि मध्ये अंजिराचा गोडवा. बाजारात उभ्याने खाल्लेलं ते मला कुठल्याही हॉटेलपेक्षा जास्त आठवतं.

आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमभर बिडाचे नळ आहेत, नासोने म्हणतात, अडीच हजारांच्या आसपास. पाणी थंडगार आणि पिण्याचं. खालचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, मुलांना हा खेळ पुरतो.

ओवी

दगडफूल, कोकणकन्या, मनापासून धन्यवाद! अंड्याचा मुद्दा फार मोलाचा, मी पास्ता म्हणजे शाकाहारी असं धरून चालले होते. अजून काय काय विचारायला लागेल? आणि पुरणपोळी, तुमची काळजी पटते. साबांना सलग दोन दिवस भात मिळाला नाही की त्यांचं पोट बिघडतं.

दगडफूल

अंड्याचा ढोबळ नियम सांगतो. उत्तरेत, विशेषतः आमच्या एमिलिया भागात, ताजा पास्ता अंड्यात मळतात. दक्षिणेत रवा आणि पाणी. त्यामुळे बारीला मिळणारं ओरेक्येत्ते साबांना चालेल, बोलोन्याचं ताल्यातेल्ले चालणार नाही. मात्र ओरेक्येत्ते मोहरीच्या कुळातल्या पाल्याबरोबर करतात आणि त्यात बरेचदा खारवलेला मासा, आच्युगे, विरघळवलेला असतो. दिसत नाही, म्हणून विचारायचं. रिझोत्तो आणि सूप मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेलं असू शकतं. गोड पदार्थांत पान्ना कोत्तामध्ये प्राण्यांपासूनचं जिलेटिन, तिरामिसूत अंडं. आईस्क्रीममध्ये फळांचं सोर्बेत्तो सर्वांत सुरक्षित. दुधाचं 'फियोर दी लात्ते' बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचं असतं, तरी विचारा.

चीजबद्दल घरात आधीच बोलून घ्या. पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) करतात, तसा नियमच आहे. पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट. माझ्या आईला हे कळल्यावर तिने ती दोन्ही सोडली आणि मोझ्झारेल्लावर राहिली, पण त्यातही रेनेट कुठलं ते विचारावं लागतं. साबांनी ठरवायचं, पण त्यांना माहीत असायला हवं असं मला वाटतं.

कागदावर इटालियनमध्ये लिहून ठेवा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ऊओव्हा, सेन्झा अल्यो, सेन्झा चिपोल्ला'. मांस, मासे, अंडं, लसूण, कांदा यांशिवाय. वाढप्याच्या हातात कागद द्या, तो आत आचाऱ्याला दाखवून येतो. लहान ठिकाणी यासाठी कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, उलट मालकीण बाहेर येऊन काय काय करता येईल ते सांगते.

पुरणपोळींचा मुद्दा रास्त आहे, पण भारतीय रेस्टॉरंटच्या ग्रेव्हीत कांदा-लसूण हमखास असतो, म्हणजे साबांची अडचण तिथेही तीच. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट घेऊन या. दुपारचं जेवण बाहेर, रात्री घरी मऊ भात. इटलीत दुपारी बाहेर जेवणं खिशालाही बरं पडतं. कामाच्या दिवशी बऱ्याच ट्रातोरियांच्या दारात 'प्रान्झो दी लाव्होरो'ची पाटी असते, ठरलेल्या पैशात दोन पदार्थ, पाणी, कॉफी.

पुरणपोळी

मेतकूट-भाताची कल्पना आवडली. रात्री घरी जेवण असेल तर माझी हरकत नाही.

घाटवाटा

मला खाण्यातलं फार कळत नाही, वाटांचं सांगतो. नेपल्सकडे जाणार असाल तर सेन्तिएरो देल्यी देई, देवांची वाट. आजेरोलाजवळच्या बोमेरानो गावातून सुरू करायची आणि नोचेल्लेला संपवायची, साधारण सहा-साडेसहा किलोमीटर. या दिशेने चाललं की उतार जास्त आणि उभ्या कड्यांखाली समुद्र सतत समोर. सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी हवंच. नोचेल्लेपासून खाली सुमारे १७०० पायऱ्या आहेत, तिथे गुडघ्यांची परीक्षा. त्या टाळून नोचेल्लेहून पोझितानोची बस घ्या. साबूंना मात्र ही वाट नको, जागोजागी खडकाळ आहे. तुम्ही दोघं आणि लेक जा, साबा-साबूंना पोझितानोच्या किनाऱ्यावर भेटा.

डोंगरातल्या वाटांवर दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते इटालियन आल्पाइन क्लबचे. पट्टा बराच वेळ दिसला नाही तर मागे फिरा.

ओवी

घाटवाटा, वाट फारच मोहात पाडणारी आहे, पण सगळ्यांनी एकत्र फिरायचं असं यंदा ठरवलंय. साबूंची ही बहुधा शेवटची लांबची सहल. रोमनंतर उत्तरेकडे सरकावं म्हणतोय. बोलोन्या आणि मग समुद्र? चिंक्वे तेर्रे, ती समुद्रकाठची पाच गावं, सगळे सुचवतात.

दगडफूल

बोलोन्यात याच. आमच्या गावाला पर्यटक अजूनही घाईत ओलांडून जातात. रोमहून वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तास.

इथली वाट म्हणजे सान लुका. शहरभर पोर्तिको, म्हणजे कमानींचे छत असलेले पदपथ, एकूण ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. त्यातला सर्वांत लांब पोर्ता सारागोझ्झापासून सान लुकाच्या देवळापर्यंत, जवळपास चार किलोमीटर, ६६६ कमानी. बांधकाम १६७४ ला सुरू झालं. दरवर्षी मेरी माउलीची तसबीर वाजतगाजत शहरात आणतात आणि पुन्हा वर नेतात. पावसात मिरवणूक भिजू नये म्हणून लोकांनी वर्गणी काढून, कुणी एक कमान, कुणी दोन, असं करत हा मार्ग उभा केला. कमानींच्या बाजूला दात्यांची नावं अजून वाचता येतात. मेलोन्चेल्लो कमानीपर्यंत वाट सपाट आहे, पुढे चढ आणि पायऱ्या. सकाळी आजीबाई जपमाळ ओढत चढत असतात, शेजारून पळणारी पोरं जातात, आणि प्रत्येक वळणावर दगडी बाक. साबूंना मेलोन्चेल्लोपर्यंत चालवा किंवा भर चौकातून, पियाझ्झा माज्जोरेहून, छोटी पर्यटक-गाडी वर जाते त्यात बसवा. पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही.

जेवायचं म्हणाल तर बोलोन्यात 'स्पागेत्ती बोलोन्येसे' मागू नका. रागूबरोबर, म्हणजे खिम्याच्या दाट रश्श्याबरोबर, ताल्यातेल्ले खातात. शिजल्यावर त्याची रुंदी ८ मिलिमीटर असावी हे १९७२ मध्ये व्यापारी संघाच्या दफ्तरात नोंदवून ठेवलंय, इतकं इथे ते मनावर घेतात. रागूत गोमांस आणि पोर्क असतं. तोर्तेल्लीनीच्या सारणात पोर्क. शाकाहारी पण अंडं चालणाऱ्यांना रिकोत्ता भरलेले मोठे तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांत. साबांसाठी पोलेंता, मक्याच्या पिठाची, आणि भाजलेल्या भाज्या, आणि सरळ पिझ्झा मार्गेरीता, त्यात सहसा लसूण नसतो. इथली तळलेली क्रेशेन्तीने मागण्याआधी विचारा, बरेचदा डुकराच्या चरबीत तळतात.

एक जागा सगळ्यांसाठी: 'ऑस्तेरिया देल सोले', १४६५ पासून सुरू आहे. तिथे स्वयंपाकघरच नाही! शेजारच्या क्वाद्रिलातेरो बाजारातून पाव, चीज, टोमॅटो, द्राक्षं, ज्याला जे चालतं ते आणायचं आणि तिथल्या लांब बाकांवर बसून खायचं. प्यायचं मात्र त्यांच्याकडचं घ्यायचं. एका टेबलावर सगळे कसे बसतील हा तुमचा प्रश्न होता, तो इथे सुटतो. साबांनी दशमी आणली तरी कुणी काही म्हणणार नाही.

कोकणकन्या

समुद्रासाठी चिंक्वे तेर्रेऐवजी कामोली बघा. जेनोव्हाजवळचं मच्छीमारांचं गाव. बोटीने किंवा डोंगरातून पायी सान फ्रुत्तुओझोला जाता येतं. तिथे छोट्या खाडीच्या काठाशी जुना मठ आहे आणि मोटारीचा रस्ताच नाही. पायी जाणाऱ्यांनी सान रोक्कोवरून आतल्या अंगाची प्येत्रे स्त्रेत्तेची वाट घ्यावी. समुद्राकडच्या वाटेवर साखळ्या धरून जावं लागतं, लेकीबरोबर नको. साबा-साबूंना बोटीने पाठवा, मठाच्या कमानींखाली भेटा. मग सगळे बोटीने परत.

आणि फारिनाता! चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, आणखी काही नाही. पीठ काही तास भिजवून ठेवतात. तांब्याच्या प्रचंड थाळ्यात पातळ ओततात, लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून तपकिरी ठिपके उठतात, कडा कुरकुरीत, मध्ये मऊसूत. सुरीने वेडेवाकडे तुकडे करून कागदावर देतात, वर मिरी. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. साबांना जेनोव्हाच्या जुन्या गल्लीत हे भट्टीसमोर उभं राहून खाऊ घाला. काही दुकानांत कांदा घातलेलीही असते, साधी मागा. पेस्तोमध्ये, म्हणजे बेझिलच्या हिरव्या चटणीत, लसूण असतो, तेव्हा तो तुमच्यासाठी. कामोलीशेजारच्या रेक्कोची चीज भरलेली फोकाच्चा लेकीला द्या: कागदासारखे दोन पापुद्रे, मध्ये वितळलेलं ताजं चीज.

घाटवाटा

चिंक्वे तेर्रेला एवढं नाकारू नका हो. मोन्तेरोस्सो ते व्हेरनाझ्झा ही वाट द्राक्षमळ्यांतून जाते, फार देखणी आहे. सकाळी आठच्या आत सुरू करायची. २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झालेली व्हिया देल्लामोरेही २०२४ मध्ये पुन्हा उघडली आहे, ती तर सपाट आहे, साबूंना जमेल. तिथे वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं.

कोकणकन्या

वाट सुंदरच आहे, वाद नाही. पण दिवसा त्या गावांत इतकी गर्दी असते की शांतपणे जेवणं कठीण. ओवीला दोन्ही हवंय, म्हणून कामोली. कामोलीहून आगगाडीने दिवसभरासाठी चिंक्वे तेर्रेतल्या रिओमाज्जोरेला जाऊन ती व्हिया देल्लामोरेची वाट करता येईल, म्हणजे दोघांचंही खरं.

बाकी ओवी, कधी व्हेनिसला गेलीस तर कान्नारेज्योच्या कालव्याकाठी चिक्केत्ती, म्हणजे तिथले छोटे-छोटे खाऊ, खा. तिथे सार्दे इन साओर मिळतं: तळलेली तारली, वर व्हिनेगरमध्ये शिजवलेला कांदा, बेदाणे. आमच्या मालवणकडच्या माणसाला तारलीचं हे रूप बघून भरून येतं.

ओवी

ठरलं! रोम, बोलोन्या, कामोली, मिलान. घरात वाचून दाखवलं, साबांनी फारिनाताचं नाव वहीत लिहून घेतलंय. शेवटचे प्रश्न: साबूंना औषधासाठी सातला जेवावं लागतं. आणि बिलात फसवणूक होते असं ऐकलंय, कशी ओळखायची?

दगडफूल

सातला ट्रातोरियाची चूलही पेटलेली नसते. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात दिवसभर उघडं, फोटोंचा मेनू, दारात बोलावणारा माणूस, हे तिन्ही एकत्र दिसलं की पुढे चालू लागा. साबूंना संध्याकाळी वजनावरचा पिझ्झा किंवा घरचा भात.

बिलात 'कोपेर्तो' दिसेल, पावाचे आणि टेबलाचे दर माणशी दोन-तीन युरो. मेनूत लिहिलेलं असेल तर ती फसवणूक नाही. वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. माशांच्या आणि बिस्तेक्काच्या (गोमांसाच्या जाड तुकड्याच्या) किमतीसमोर 'एत्तो' लिहिलेलं असेल तर तो १०० ग्रॅमचा भाव आहे, वजन करून पूर्ण किंमत आधी विचारा. माझ्या एका पाहुण्यांना प्रसिद्ध चौकातल्या एका हॉटेलात याचाच फटका बसला होता. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली की स्वस्त. आणि बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, 'इल कोन्तो' म्हणायचं.

आणखी आधार हवा असेल तर स्लो फूड संस्थेच्या खानावळींच्या यादीत गोगलगाईचं चिन्ह शोधा. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांपाशी मॅकडॉनल्ड्स उघडण्याला जो विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रीनींची ही चळवळ उभी राहिली. १९९० पासून ते दरवर्षी अशी यादी काढतात. गावागावांतल्या, रास्त दराच्या, तिथलंच पिकलेलं शिजवणाऱ्या जागा असतात.

सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, आदल्या दिवशी बघून ठेवा. रविवारी दुपारी इटालियन कुटुंबं आजी-आजोबांसकट बाहेर जेवतात, त्यामुळे पाच जणांचं टेबल दोन-तीन दिवस आधी सांगा. घरमालकाला फोन करायला लावा, आनंदाने करतात. बोलोन्यातला तुमचा रविवार येत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोन करतो.